आतोबा आणि अर्धा गंडभेरुंड

ब्रह्मदेवानं सृष्टी घडवायला घेतली, त्या वेळी तिचे नकाशे तपासायला माझे आतोबा हजर असते, तर निम्म्याहून अधिक प्राणी 'दुरुस्त करून पुन्हा सादर करावेत' असा शेरा घेऊन परत गेले असते. आतोबा म्हणजे माझ्या थोरल्या आत्याचे यजमान. बंगलोरच्या एका सरकारी कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसात, ते हेड ड्राफ्ट्समन होते. सकाळच्या बसनं जायचं, दिवसभर यंत्रांच्या सुट्या भागांचे नकाशे काढायचे आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढा भाग सोडला तर त्यांचा बाकीचा सगळा संसार पुराणातल्या जनावरांशी होता. याळी, मकर, शरभ, गंडभेरुंड, सात तोंडांचा घोडा ही मंडळी त्यांच्या लेखी कुत्र्यामांजरांइतकी खरी होती. किंबहुना कुत्र्यामांजरांकडे त्यांचं तेवढं लक्ष नसे. घरात मांजर व्याली तर आत्याला कळे, पण गरुड अंडी कुठं घालत असेल हा प्रश्न आतोबांना आठवडाभर पुरायचा.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मी त्याच कारखान्यात उमेदवार म्हणून लागलो आणि मल्लेश्वरमला त्यांच्या घरी राहायला गेलो. आत्यानं मला पुढची खोली दिली. खोली चांगली होती, फक्त तिच्यात आधीपासून अकरा जण राहत होते. खिडकीपाशी याळी होता, म्हणजे देवळांच्या खांबांवर असतो तो, सिंहाच्या अंगाचा आणि हत्तीच्या सोंडेचा. कपाटावर मगरीच्या तोंडाचा आणि मोराच्या शेपटीचा मकर पसरला होता. आणि माझ्या कॉटच्या बरोबर वर, छताच्या आकड्याला, आठ पायांचा शरभ टांगलेला होता. मी भीत भीत विचारलं, "हा पडणार नाही ना?" आतोबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "आकड्याची काळजी करू नकोस, तुझ्यासारखे चार लटकले तरी तो हलायचा नाही. मला काळजी आहे ती ह्याच्या पायांची. आठ पायांनी हा वळतो कसा?" मी नुकताच आगगाडीतून उतरलेलो, पोटात अन्न नाही, आणि माझ्याकडून शरभाच्या वळण्याविषयी मत मागितलं जात होतं. मी म्हटलं, सावकाश वळत असेल. ते उत्तर त्यांना इतकं आवडलं की त्यांनी ते वहीत लिहून घेतलं, आणि पुढची सात वर्षं मला त्या घरात मानानं वागवलं गेलं.

त्यांची पद्धत कारखान्यातलीच होती. कुठलंही जनावर आधी कागदावर, समोरून, बाजूनं आणि वरून, असं तीनदा काढायचं. मग ते काय खातं, खाल्लेलं कुठं जातं, बसलं तर उठेल का, धावलं तर कोलमडेल का, याची चौकशी. ही चौकशी बहुधा जेवणाच्या पानावर चाले. "रावण कुशीवर झोपत नसावा," भातावर वरण पडता पडता ते म्हणत. "पाच तोंडं उशीत गेली, तर वरची पाच लटकणार. मान आखडेल." यावर आत्या म्हणायची, "अहो, भात निवतोय. त्याला झोपू द्या हवं तसं. त्याची मंदोदरी बघून घेईल." मग ते निमूटपणे दोन घास खात आणि पुन्हा म्हणत, "पण घोरणं दहा तोंडांनी, की एकाच?"

याचा अर्थ आतोबा नास्तिक होते असा कुणी घेऊ नये. उलट त्यांची श्रद्धा इतकी पक्की होती की त्यांचा संशय याळीवर कधीच गेला नाही, तो नेहमी शिल्पकारावर जाई. हलसूरच्या बाजूला एक जुनं देऊळ होतं. रविवारी सकाळी ते घडीची फूटपट्टी आणि ट्रेसिंग पेपरची सुरळी घेऊन तिथं जात, देवाला घाईघाईनं हात जोडत आणि खांबापुढं ठाण मांडून याळीच्या दातांची मापं घेत. "प्राणी खरा आहे, ह्यानं नीट पाहिलेला नाही," असं ते चारशे वर्षांपूर्वी गेलेल्या कारागिराबद्दल अगदी हळहळून सांगत. तिथल्या म्हाताऱ्या पुजाऱ्याची समजूत अशी झाली होती की हे गृहस्थ सरकारतर्फे इमारतीची मापं घ्यायला येतात. त्यामुळं दर रविवारी तो त्यांना छपराचा गळका कोपरा दाखवी आणि कन्नडमध्ये आपलं गाऱ्हाणं मांडी. आतोबांचं कन्नड 'सरी' म्हणजे 'बरं' आणि 'स्वल्प' म्हणजे 'जरा' या दोन शब्दांत आटपत असल्यानं ते "सरी, सरी" म्हणत मापं घेत राहत. असं तीन वर्षं चाललं. चौथ्या पावसाळ्यात ते पाणी खांबावरून ओघळून याळीच्या जबड्यात जाऊ लागलं, आणि मग मात्र आतोबा एका रविवारी मला, एका शिडीला आणि सिमेंटच्या पिशवीला घेऊन थेट छपरावर चढले. पुजाऱ्यानं आम्हाला प्रसादाचे दोन दोन लाडू दिले आणि इतकं तत्पर सरकार आपण पाहिलं नाही असं सांगितलं.

घरातली सगळी जनावरं कागदाच्या लगद्याची होती. ही विद्या खरं तर आत्याची. माहेरी ती रद्दी भिजवून, कुटून, त्यात कीड लागू नये म्हणून मेथीचं पीठ घालून टोपल्या करायची. आतोबांनी लग्नानंतर ती टोपली पाहिली आणि तिच्यात त्यांना ऐरावताचं पोट दिसलं. तेव्हापासून त्या घराला कायम मेथीचा वास होता, आणि पुण्याहून टपालानं येणारं साप्ताहिक आत्यानं दोन दिवसांत वाचून संपवलं नाही तर तिसऱ्या दिवशी ते बादलीत भिजत पडलेलं असे. एकदा एका क्रमशः कादंबरीचा शेवटचा भाग असाच मकराच्या शेपटीत गेला. नायिकेनं शेवटी कुणाला होकार दिला, हे आत्याला मरेपर्यंत कळलं नाही. कुणी विषय काढला तर ती कपाटाकडं बोट दाखवून म्हणायची, "ते ह्यांच्या मगरीला ठाऊक."

आत्याला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल त्या घरात कधी कुणी बोललं नाही, आणि बोलायची फारशी वेळही आली नाही, कारण शेजारच्या अक्कांची पद्मा चालायला लागल्यापासून आतोबांच्या व्हरांड्यातच असायची. अक्का म्हैसूरकडच्या. आत्याशी भिंतीवरून बोलून बोलून त्या मराठी शिकल्या होत्या, आणि आतोबांना त्या 'अण्णा' म्हणत. पद्मा त्यांना काका म्हणायची. तिच्या तोंडात मराठी आणि कन्नड दोन्ही एकत्र नांदायचं, आणि दोन्ही भाषांत तिला प्रश्नच प्रश्न पडायचे. मकराला सर्दी होते का? याळी आपल्या सोंडेला चावतो का? कारखान्यातल्या मोठ्या साहेबांना 'बघू' म्हणून वाटेला लावणारे आतोबा या पोरीच्या प्रश्नावर दोन दोन दिवस विचार करत आणि मग सचित्र उत्तर देत. "तुम्हां लोकांना नुसत्या शंका येतात," ते मला म्हणत. "प्रश्न फक्त तिला पडतात."

नवरात्रात तिकडच्या घरांतून पायऱ्या रचून बाहुल्या मांडतात. राजाराणी, देव, वाणी आणि त्याची बायको, मिरवणुकीतले हत्तीघोडे, सगळं साग्रसंगीत. आत्यानंही घटाशेजारी अशा पायऱ्या मांडायला सुरुवात केली होती, पण तिच्या राजाराणीला आजूबाजूला बसायला माणूस म्हणून मिळत नसे. खाली सगळा आतोबांचा गोतावळा. गल्लीतली मुलं इतर घरांत गाणं म्हणून उसळ खायची आणि आमच्याकडं मात्र नुसती बघत उभी राहायची. त्यांना शरभाबद्दल समजावून सांगायचं काम पद्माचं. ती हातात पट्टी घेऊन सांगायची आणि आतोबा दाराआडून ऐकायचे.

अशी ही पद्मा एकविसाव्या वर्षी लग्न ठरून दिल्लीला जायला निघाली. अक्कांच्या घराण्यात मुलीला माहेरच्या बाहुल्या देताना राजाराणीच्या जोडीबरोबर एक लाकडी गंडभेरुंड द्यायचा रिवाज होता. गंडभेरुंड म्हणजे दोन तोंडांचा पक्षी, म्हैसूरच्या राजाच्या निशाणावरचा. अक्कांना तो त्यांच्या आईनं दिला होता, आईला तिच्या आईनं. तिकडच्या रिवाजाप्रमाणं श्रावणात लग्न, आणि ज्येष्ठात पेटी उघडली तर पक्ष्याच्या उजव्या अंगाचा वाळवीनं पार भुगा केलेला. डावं तोंड आणि डावा पंख तेवढा शाबूत दिसत होता, पण तोही आतून पोकळ. अक्का तो पदरात घेऊन आल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर बसल्या. "अण्णा, पोरीला मी शब्द दिलाय. हे असं कसं देऊ? नवा करता येतो का, स्वल्प बघता?" त्यांचे डोळे भरून आले होते. आतोबांनी पक्षी दोन्ही हातांनी घेतला आणि म्हणाले, "असाच्या असा होईल. तुमच्या आईनं ओळखला नाही, तर नाव सांगणार नाही." अक्कांची आई जाऊन वीस वर्षं झाली होती, पण त्या वेळी ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

हा पक्षी लाकडाचाच हवा होता, आणि लाकूड आतोबांच्या हातचं नव्हतं. कारखान्यातल्या एका फिटरचं गाव चन्नपट्टणजवळ होतं. तिथं खेळणी करणारे पिढीजात कारागीर आहेत, आणि त्यांतला एक म्हातारा कोरीव कामात नावाजलेला आहे, असं तो म्हणाला. आतोबांनी चार संध्याकाळी बसून नकाशा केला. इतका देखणा नकाशा मी पुढं तीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. पिसन् पीस मापासकट. आता आमच्या धंद्यात अशी रीत आहे की दोन्ही बाजूंनी सारखी असलेली वस्तू पूर्ण काढत नाहीत. अर्धीच काढायची, मधोमध तुटक रेघ मारायची आणि 'दुसरी बाजू अशीच' असं कोपऱ्यात इंग्रजीत बारीक अक्षरांत लिहायचं. कारखान्यातल्या शिकाऊ पोरालाही ते कळतं. आतोबांनी शाबूत राहिलेली डावी बाजू समोर ठेवून, आयुष्यभराच्या सवयीनं, अर्धाच गंडभेरुंड काढला. नकाशा बंद सुरळीतून फिटरबरोबर गेला, आणि त्यानं तो न उघडताच पोचवला.

लग्नाला आठ दिवस उरले असताना खोकं आलं. आतोबांनी वरचा पेंढा बाजूला केला. आत एक तोंड होतं, एक पंख होता, एक पाय होता, आणि जिथं तुटक रेघ होती तिथं पक्षी सुरीनं कापल्यासारखा सपाट होता. काम मात्र असं की चोचीखालची बारीक पिसं हलतील असं वाटावं. मला हसू फुटलं, आणि मी आतोबांकडं पाहिलं आणि ते गिळलं. ते खाली बसले होते. "माझी चूक," ते म्हणाले. सगळ्या शिल्पकारांना नावं ठेवणाऱ्या त्या माणसाचा चेहरा तेव्हा बघवत नव्हता. "पोरगी दिल्लीला काय नेणार? अर्धं पाखरू?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रजा टाकली आणि मला घेऊन चन्नपट्टण गाठलं. म्हातारा कारागीर अंगणात बसून लाकूड तासत होता. फिटरनं मध्ये बसून बोलणं करून दिलं. म्हातारा शांतपणे म्हणाला, "स्वामी, दोन तोंडांचा मी रोज बघतो. मोटारीवर असतो, सरकारी कागदावर असतो. तुम्ही एकाच तोंडाचा मागवलात. एवढे आकडे लिहिणारा शिकलेला माणूस चुकेल कसा? मला वाटलं, तुमच्या मराठी लोकांत एकाच तोंडाचा असतो." आतोबांनी हात जोडले. आता दुसरी बाजू करून द्या, म्हणाले. म्हाताऱ्यानं मान हलवली. सुकलेलं लाकूड संपलं होतं, आणि ओलं लाकूड कोरून दिलं तर मांडवातच चिरेल, तसलं काम त्याच्या हातून व्हायचं नाही. त्याचं म्हणणं आतोबांना इतकं पटलं की त्यांनी आग्रहच केला नाही. परतीच्या बसमध्ये ते अर्धा पक्षी मांडीवर घेऊन बसले होते. बंगलोरच्या वेशीवरचं केंगेरी आलं तेव्हा म्हणाले, "उजवा मी करतो. कागदाचा."

पुढच्या आठवड्यात आमच्या घरात जे घडलं त्याचा सगळ्यांत जास्त त्रास मला झाला. श्रावणातली ओली हवा, लगदा वाळेना. म्हणून उजवा गंडभेरुंड न्हाणीघरात बंबाशेजारी पाटावर विराजमान झाला, आणि वाफेनं तो पुन्हा भिजेल म्हणून आम्हा सगळ्यांची आंघोळ विहिरीवर, गार पाण्यानं. जोडायची वेळ आली तेव्हा लाकडाच्या वजनानं पक्षी डावीकडं कलला. मग त्याचं कागदी पोट उघडून आत वाळूची पुरचुंडी बसवली. पिसं, पंख, पाय, सगळं मापात आलं. तोंड मात्र मापात येईना. डावं तोंड पिढ्यान्‌पिढ्यांचं, करारी. उजवं चार वेळा मोडून पाचव्यांदा केलं तरी त्याच्या भुवया वर चढलेल्याच राहिल्या. लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी आतोबांनी रंगाचा ब्रश खाली ठेवला आणि म्हणाले, "चल. जे आहे ते सांगून टाकू."

अक्कांच्या घरी मांडव होता, पाहुण्यांची गर्दी होती. आतोबा पक्ष्यावरचं फडकं काढून सरळ उभे राहिले. "अक्का, मी हे बिघडवलंय. अर्धा लाकडाचा आहे, अर्धा कागदाचा. तोंडं जुळत नाहीत. शब्द दिला होता, तो पाळला गेला नाही." अक्कांनी पक्षी जवळ घेतला. डाव्या तोंडावरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "हे माझ्या आईकडचं." मग उजव्याकडं बराच वेळ पाहिलं. "आणि अण्णा, ह्याला कायतरी विचारायचंय वाटतं." मागून पद्मा हळदीच्या अंगानं पुढं आली, तिनं एकदाच पाहिलं आणि ओरडली, "अय्यो! काका, हे तुम्हीच!" सगळा मांडव हसला. आतोबांचे कान लाल झाले, आणि ते हातातल्या फडक्याची घडी घालू लागले. स्टेशनवर पद्मानं पक्षी सामानात दिला नाही, मांडीवर घेऊन बसली. गाडी हलली तरी आतोबा खिडकीबरोबर चालत तिला सांगत होते की दिल्लीची हवा कोरडी आहे, कागदाला चांगली, फक्त उन्हात ठेवू नकोस.

त्या नवरात्रात आमच्याकडं पायऱ्या लागल्या, मुलं आली, उभी राहिली आणि गेली. समजावून सांगायला पट्टी घेऊन मी उभा होतो. आतोबा दाराआड आले नाहीत. त्यांना फार चुकल्यासारखं होत होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

दसऱ्यानंतर पद्माचं पत्र आलं. सासरी तिनं बाहुल्या मांडल्या होत्या. हळदीकुंकवाला आलेल्या एका विद्वान म्हाताऱ्या बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं होतं, की या पक्ष्याची तोंडं अशी वेगवेगळी का? पद्मानं लिहिलं होतं, 'मी सांगितलं, आजी, हा पक्षी आधी अर्धाच जन्मला. उरलेला अर्धा शेजाऱ्यांनी करून दिला. म्हणून एक तोंड घरच्यासारखं, एक शेजारच्यासारखं. कुठल्या पुराणात आहे विचारलं, तर मी बंगलोरच्या म्हणून ठोकून दिलं. काका, चुकलं का?'

आत्यानं पत्र मोठ्यानं वाचलं, मग डोळे पुसून पुन्हा वाचलं. आतोबा टेबलापाशी जाऊन लिहायला बसले. थोड्या वेळानं त्यांनी मला एक कार्ड दिलं आणि टाकून यायला सांगितलं. कार्ड उघडंच असतं, मी वाचलं. 'चि. सौ. पद्मास अनेक आशीर्वाद. पक्ष्याबद्दल तू सांगितलंस ते पुराणात आहे. मी स्वतः पडताळून पाहिलं. काका.' प्रत्यक्ष ब्रह्मदेवाला सवलत न देणाऱ्या माणसानं एवढं धडधडीत खोटं लिहिलं होतं, आणि खाली रोजच्या नकाशांवर करत तशी तारखेसकट सही केली होती.

मी परत आलो तेव्हा ते पायरीवर बसले होते. "टाकलंस?" त्यांनी विचारलं.

"टाकलं."

"दिल्लीला पोचायला किती दिवस लागतात रे?"

"चार."

"आणि तिनं लगेच लिहिलं, तर यायला चार," ते म्हणाले, आणि शेजारच्या बंद फाटकाकडं बघत बोटांवर वार मोजू लागले.